कुणी तुटायचं

सेल्बीकाका, साखळी तुटली ती दलदलीच्या मधोमध.
मागे घसरगाडीवर अर्धा मूस,
उरलेला अर्धा अजून स्प्रूसखाली, ताडपत्रीत.
आवाज बंदुकीसारखा झाला.
तू मागे वळून पाहिलंस, कोण शिकारी आलाय म्हणून.
मी खाली वाकले:
इंजिनाच्या कवचाला भोक, बोट जाईल एवढं,
आणि शेवाळावर गरम तेल.

आठ मैल चाललो. तू गप्प.
खाडीवरचे दिवे दिसले तेव्हा एकदाच म्हणालास,
"इंजिन तुझं. साखळी माझी."

खरंय. अपघातात गेलेल्या मोटरसायकलचं ते इंजिन
मीच बसवलं तुझ्या क्वाडमध्ये, मार्चभर खपून.
बेचाळीस घोडे, आणि त्यांना जुंपलं
तुझ्या लग्नाआधीच्या साखळीला.

आता ती गॅरेजच्या फरशीवर आहे.
आडवी धरली की धनुष्यासारखी वाकते.
वीस कड्यांना पट्टी लावली:
तीनशे अठरा मिलिमीटर हवं, भरलं तीनशे चोवीस.
लांबली म्हणतात, पण पोलाद कुठलं लांबतंय.
एकेक पिन आपल्या घरात केसभर झिजते
आणि बाहेरून कुणालाच कळत नाही.
मागच्या चक्राचे दात तर बघ,
सगळे एकाच बाजूला कललेले,
वाऱ्यावरच्या आपल्या झाडांसारखे.

गारलंड काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
पाचशे तीस घे, रुंद, निर्धास्त.
मी घरी येऊन मोजलं. फ्रेमला घासेल.
पाचशे वीसच, पण जाड पत्र्याची, सीलवाली,
आठ हजार पौंडांपर्यंत ताण सोसणारी.
सोनेरी ॲल्युमिनियमचं चक्र त्यानं दिव्याखाली धरलं,
हलकं, देखणं, एका हंगामाचं.
मी पोलादी उचललं. काळं. हाताला थंड.

पुढे तेरा दात, मागे एक्केचाळीस.
वेग कमी होईल, ओढ वाढेल.
आणि हे दोन आकडे मला दुसऱ्याच कारणासाठी आवडतात:
त्यांचा शहाण्णव कड्यांशी कसलाच भागाकार जमत नाही,
म्हणून एखादा दात एखाद्या कडीला भेटला
की पुन्हा भेटायला सगळ्यांना भेटून यावं लागतं.
झीज वाटली जाते.
आपल्या घरात असं कधी झालं नाही, काका.
आजोबांची ओढ तुझ्याच दातांवर आली.

हे मी बोलले नाही. तू टॉर्च धरून उभा होतास.
जोडकडीपाशी आपलं वाजलं.
तू म्हणालास क्लिप लाव,
रानात पक्कडीनं निघते, बंद टोक पुढे ठेवलं की झालं.
मी म्हणाले रिव्हेट.
"मग ही तुटणार नाही," तू म्हणालास,
"तर काय तुटेल?"

मी पाना खाली ठेवला.
ॲक्सल. हब. गिअरबॉक्सचा शाफ्ट.
चढावर पुढची चाकं उचलली तर माझी मान.
तू इतकी वर्षं साखळी बदलली नाहीस
ती कंजूषपणानं, असं व्हर्लीकाकूही समजते.
"काहीतरी तुटायचंच," तू म्हणालास.
"मी स्वस्तातलं ठरवून ठेवलं होतं."
आणि मग जरा वेळानं,
"कवच फुटेल हे नव्हतं माहीत."

रिव्हेट ठोकला. तुझा हात थरथरत होता,
उजेड कडीवरून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या बोटांवर.
इंजिनाच्या कवचापुढे जाड पत्र्याची ढाल बसवली,
हे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.
उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, तुला माहीतच आहे:
तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा
ताडपत्री फाटलेली होती,
स्प्रूसच्या फांद्यांवर निळे जे पक्षी
आणि खाली कायोटींच्या पावलांचे ठसे.

जुनी साखळी मी भंगारात टाकत होते.
तू काढून घेतलीस, कोंबड्यांच्या फाटकाला बांधलीस.
तिथे ती छान पुरते.
वारा आला की फाटक एक बोट उघडतं,
मग परत बंद.