समासाबाहेरचा बाण

नव्या पेठेतल्या त्या सभागृहात
पंखा तिसऱ्या रांगेवरच फिरतो,
म्हणून मी तिसऱ्या रांगेत.
मांडीवर वही, बिनरेघांची.
विषय : शहराखालचं पाणी.

घैसासबाई बोलू लागल्या तशी
मी आधी एक विहीर काढली,
मग तिच्याखाली खडक,
चिरोट्याच्या पदरांसारखा, थरावर थर.
भेगांना शिसपेन पुरेना,
तिथे बोटानं घासलं.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
धरणांचे छेद काढले मी,
पट्टी लावून, प्रमाण लिहून,
चुकली रेघ ब्लेडनं खरवडून.
इथे कुणी तपासणार नाही.
पाऊस तिरका काढला, शहर वाकडं,
आणि एका बोअरवेलला चक्क दात.

शेजारचे गृहस्थ चष्म्यावरून म्हणाले,
"ऐकताय, की चित्रं काढताय?"
म्हटलं, "हात थांबला की मला ऐकू येत नाही."
त्यांनी खुर्ची जराशी सरकवली.
(त्यांनाही काढलं. कोपऱ्यात. मिटलेली छत्री.)

मग प्रश्नोत्तरं.
"थोडक्यात विचारा" असं सांगूनही
एक जण उठले ते बसेचनात.
त्यांचा फुगा पान ओलांडून पलीकडे गेला,
आत मी नुसते ठिपके भरले.

रात्री दूध तापत ठेवून वही उघडली.
आकडा एकही आठवत नाही.
किती फूट, किती लिटर, कुठल्या सालापासून.
पण टेबलावरचा पेला आहे,
काठोकाठ, वर झाकण.
सत्तर मिनिटं पाण्यावर बोलून
बाईंनी त्याला हात लावला नव्हता.
हे मी पाहिलं होतं,
हे मला माझ्या हातानं आत्ता सांगितलं.

आणि हा एक बाण,
विहिरीतून निघून
समासाबाहेर, कागदाबाहेर गेलेला.
काय म्हणत होत्या त्या तेव्हा?
पाण्याला कुंपण कळत नाही, असं काहीसं.
मी बाणावरून बोट पुढे नेलं,
कागदावरून ओट्यावर,
ओट्यावरून नळापाशी.

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीची बोअर
आणखी दोनशे फूट खाली नेली.
ठरावावर सही माझी.
मागच्या वस्तीतला हापसा
त्यानंतर कधी वाजलेला ऐकला नाही.

दूध उतू गेलं.
पुसलं, आणि नव्या पानावर
हापसा काढायला घेतला.
तोंड जमलं, खालचा चौथरा जमला,
दांडा अडला.
वर काढू, की खाली?