अर्धा असर पाणी

रुस्ताकच्या मागं, डोंगर जिथं खजुरीला जागा देतो,
तिथं आमचं आरोग्य केंद्र : दोन खाटा, एक फ्रीज
आणि मी, यावल तालुक्याची, सहा वर्षं.
मे लागला की पहाटे पाचलाच
पत्रा तापल्याचा आवाज येतो, टक्, टक्,
कुणी आत येऊ का विचारावं तसा.

इथं वाडी म्हणजे कोरडी नदी.
हे अंगवळणी पडायला अख्खा हिवाळा गेला.
आणि असर म्हणजे पाटाचं पाणी मोजायचं माप.
आमच्याकडे तो औषधाचा होतो,
इथं अर्ध्या तासाचा असतो, साधारण.
'साधारण' हा शब्द सुवैदबाबाचा.
अंगणात रोवलेल्या काठीची सावली
ठरल्या दगडाला टेकली की तो ओरडतो :
वळवा! आता झुवैनाचं!
मोबाइल असतो त्याच्या खिशात, वाजतोही.
पण पाण्याचं तो त्याला विचारत नाही.

झुवैना पिठाचा गोळा तापल्या तव्यावर
नुसत्या तळहातानं फिरवते,
हात भाजत कसा नाही ते विचारू नये.
कागदासारखी रोटी कडेनं सुटते, वर मध, तूप.
मला आईचं पालथं खापर आठवतं,
कोपरापर्यंत ताणलेला मांडा.
तिला सांगायला जाते माझ्या दवाखानी अरबीत :
कुठं दुखतं, किती दिवस, जेवलात का,
त्यात मांडा बसत नाही.
मग हवेतच करून दाखवते, एका हातावरून दुसऱ्या हातावर.
ती हसते. मग नुसती बघते. मग म्हणते,
तुझ्या हातांना किती दिवसांत पीठ लागलं नाही गं?

मोफिज नोआखालीचा. कमरेला दोर घालून चढतो
आणि नगाल उतरवतो, मोसमातला पहिला खजूर,
अर्धा पिवळा करकरीत, अर्धा मऊ,
एकाच दाण्यात कालचा दिवस नि उद्याचा.
पहिली ओंजळ शेजारी, दुसरी मला, तिसरी मोफिजला.
हा क्रम मला खुपतो. माझ्यातले देऊ करते,
तो म्हणतो, दीदी, वर बसूनच पोट भरून आलोय.
(खरं असावं. खोटं असलं तरी छान बोलला.)

दुपारी सुक्या तारल्या, कांदा, लिंबू, भात, ताक.
मी माहेरी मासळीच्या वासानं उठून जायची.
आता काटा जिभेनं वेगळा करते, न बघता.
शेळ्या लसूणघासावर, माणसं सावलीवर,
चारपर्यंत गावात फक्त पाणी चालतं.

झुवैनाची लेक मस्कतला.
तिच्या वाट्याचा अर्धा असर रिकामा जातो,
तिच्या अंगणात फरशी आहे.
तो मला दिलाय, क्वार्टरमागच्या अंबाडीसाठी.
पैसे काढले तर रागावली :
पाणी विकतात लोक. हे तसलं नाही.

आज धूळ. सूर्य दुधात पडल्यासारखा,
काठीला सावली नाही.
सुवैदबाबा तरी काठीशेजारी बसलेला,
आजारी माणसाजवळ बसावं तसा.
माझी पाळी. मी चिंधी नि दगड काढला, पाणी आलं,
थंड, पायाच्या बोटांत शिरत,
पहिलं रोप, चौथं, नववं.
किती वेळ झाला कुणाला ठाऊक.
मी विचारलं, बाबा, बंद करू?
तो म्हणाला, शेवटच्या रोपाला विचार.

सातला ड्युटी. ओल्या पायांनीच गेले.
दारात मुहन्नद, झुवैनाचा नातू,
पोट धरून, ओठांना चिकट गोड.
कच्चे खाल्लेस ना? किती?
तो बोटं मोजू लागला, दोन्ही हात संपले,
थांबला,
म्हणाला : एक असर.