उबेचा रतीब

जानेवारीतल्या त्या सकाळी उणे एकतीस होतं.
कायानीच्या नदीवर वाफ उभी होती
आणि मी, ऑस्मो, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींतून तारा ओढलेला माणूस,
स्वतःच्याच गाडीत बसून
बुडाखालच्या तारेची परवानगी मागत होतो.

तार आहे, मला माहीत आहे.
कारखान्यातूनच शिवून आली आहे ती,
गोधडीत राहून गेलेल्या सुईसारखी.
गाडीचे पैसे मोजले तेव्हा तिचेही मोजले
असं मी धरून चाललो होतो.
पडदा म्हणाला : नमस्कार, ऑस्मो.
आसनाची ऊब, महिना अकरा युरो.
कधीही बंद करता येईल.

उणे एकतीसमध्ये कुणी वाद घालत नाही.
बोट टेकवलं. टुण्ण झालं.
पाठीच्या कण्यातून अकरा युरो
हळूहळू वर चढत गेले.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

साइया म्हणते, बाबा, आता सगळं असंच असतं.
तिची गाणी भाड्याची, बूट भाड्याचे,
कुत्र्याच्या दातांचासुद्धा हप्ता.
नातवानं टाकलेलं पहिलं पाऊल
कुठल्याशा परक्या गोदामात
महिना तीन युरोंवर उभं आहे.
पैसे थांबले तर ते पाऊल कुठे जाईल,
मी विचारलं नाही.

आणि तक्रार करणारा मी कोण?
आमच्या इमारतीच्या तळघरात सौना आहे.
शुक्रवार, सहा ते सात : हेल्वी आणि मी.
सत्त्याऐंशी सालापासून दरमहा भरतोय.
हाही रतीबच की. उबेचाच.

फक्त तेव्हा वही होती, हान्नेस रखवालदाराची.
नावं पेन्सिलीनं लिहिलेली.
सातचे लेप्पानेन पोरांसकट, खांद्यावर टॉवेल टाकून
दाराबाहेर चुळबुळत असायचे,
आणि आम्ही निघताना शेवटचं ओगराळंभर पाणी
त्यांच्या नावानं दगडांवर ओतायचो.
ते कुठल्याच वहीत नव्हतं.
गिरणी बंद पडली त्या वर्षी
लेप्पानेनचे पैसे सहा महिने आले नाहीत.
हान्नेसनं वही उघडली,
त्यांच्या नावाकडे बघितलं,
पेन्सिल कानामागे खोचली
आणि वही मिटली.
शनिवार असो, शुक्रवार असो, दगड तापत राहिले.

या पडद्याला कान नाहीत.

एप्रिलमध्ये बंद करायला बसलो.
खात्री आहे? म्हणाला.
का जाताय? म्हणाला.
निम्म्या दरात राहता का?
बाजारातली मासेवाली इतकं आर्जव करत नाही.
पाचव्या पानावर पासवर्ड चुकला,
मग हेल्वीनं जेवायला हाक मारली,
मग मी विसरलो.

जुलैत एकोणतीस डिग्री. डांबर चपलांना चिकटत होतं.
बँकेचा कागद आला : आसनाची ऊब, अकरा युरो.

मी खाली गेलो. नुसत्या चड्डीवर.
काचा वर केल्या, ऊब तिसऱ्या खुणेवर नेली
आणि बसलो.
भरलेत ना पैसे!
घाम भुवयांवरून ओघळून डोळ्यांत आला.
हेल्वी बाल्कनीतून ओरडली, वेड लागलं का?
मग गायब झाली.
मला वाटलं, साइयाला फोन करायला गेली.

आली ती बर्चच्या पानांची जुडी घेऊन,
शुक्रवारी नेते तशी,
आणि शेजारच्या आसनावर बसली.
थोडा वेळ वाट बघितली.
माझं गरम होत नाही, म्हणाली.
तुझे पैसे वेगळे, मी म्हटलं.

तिनं पडद्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
सरक, म्हणाली.

एका आसनावर दोघं, वयं मिळून एकशे चाळीस,
तिची कोपरं माझ्या बरगड्यांत,
पानं दोघांच्या गुडघ्यांवर.
पडदा टुणटुणत राहिला : पट्टा बांधा, पट्टा बांधा.
त्याला वाटलं असेल,
ऑस्मो फार जड झालाय.