कस

विट्याच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीला लागून
जिथं आधी सलाइनची रिकामी खोकी असायची
तिथं माझं टेबल.
टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी पेटी,
पेटीत चिप. काडेपेटीवर ठेवली
तर कडेनं काडेपेटीच जास्त दिसेल.

पूर्वी नमुने बर्फात घालून पुण्याला जायचे.
उत्तर येईतो जत्रा उठलेली,
जो तो आपापल्या भट्टीवर परत:
सेलम, गुवाहाटी, एर्नाकुलम.
विषाणूही त्यांच्याबरोबर, बिनतिकीट.

आता थेंब सोडते.
तो तोंडाशी जरा थबकतो,
मग आपणहून शिरतो केसाहून बारीक पाटात.
टेंभूचं पाणी आमच्या माळावर चढवायला
केवढाले पंप लागले.
ह्याला काचच ओढून घेते.

पुढं चार खाचा.
पहिली सांगते, आहे.
उरलेल्या तीन सांगतात, कुठला.
तीस हजार अक्षरांच्या पोथीत
एक काना इकडचा तिकडं,
एवढ्यावर आजाराची चाल बदलते.

काल अण्णा आले.
पंचेचाळीस वर्षं सेलमात सोनं गाळून
भुवया कायमच्या विरळ झालेल्या.
खोकत म्हणाले, "माझा बी कस लाव."

पस्तीस मिनिटं थांबा, म्हटलं.
"पस्तीस? आमचं एका रेघंत व्हायचं."
रेघ चुकायची नाही?
"माणूस चुकायचा. दगड न्हाई."

तिसरी खाच उजळली.
विट्यात ह्या खेपेची पहिलीच.
मी लिहिलं: हिंदुराव निकम, वय अडुसष्ट,
प्रवास सेलम ते विटा.
नात्याचा रकाना फॉर्मात नव्हता.

"किती कॅरेट?"
घडण नवी आहे, अण्णा. जत्रेला जायचं नाही.
बसमध्ये शेजारी कोण होतं, आठवा.

त्यांनी बोटांवर नावं मोजली,
मी फोन लावत गेले.
सातव्या नावानंतर चिप पिवळ्या पिशवीत टाकली
तसे ते पुढं वाकले.
"ह्यात सोनं हाय का गं?"
आहे. तारांवर, पापुद्र्याहून पातळ.
"आन् ही पिशवी कुठं जाती?"
जाळतात.

मास्कवरचे दोन डोळे
ताप विसरून एकदम धंद्याचे झाले.
"मग राख," ते म्हणाले,
"राख कोण गाळतं?"