पिवळा मडगार्ड

आपोलीनाने गाडी दाखवली तेव्हा
सीटवर कोंबडी बसली होती.
तिने आधी अंडी काढून घेतली, मग किल्ली दिली.
म्हणाली, "घोव म्हजो चाळीस वर्सां पायलट.
आतां दोन वर्सां तो मातयेंत.
ही मातूर भायर."

जावा. सन पासष्ट.
टेम्पोत काथ्याने बांधून डिचोलीला आणली.
पडवीत उभी केली तर बायको म्हणाली,
कपडे कुठं वाळत घालू?
हँडलवर, मी म्हणालो,
आणि पुढचे तीन महिने
खरोखरच तिथं मोजे वाळले.

दिवसभर मी औषधं देतो,
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
शटर ओढलं की दुसरे डोस सुरू:
लिटरला चाळीस मिली तेल,
पॉइंटची फट पोस्टकार्डाच्या जाडीची.

टाकीत गंज. माडाचं विनेगर ओतलं,
मूठभर बारीक खडी घातली
आणि मांडीवर घेऊन तासभर हलवत बसलो.
कुंपणापलीकडून सदूबाबने विचारलं,
झोपलं काय रे?

क्लचची बुचं झडलेली.
आपोलीनाच्या जावयाने वाइनच्या बाटल्यांची पाठवली,
ब्लेडने कापून बसवली एकेक.
सायलेन्सरच्या पोटातून इतकी काजळी निघाली
की खालचं वर्तमानपत्र दिसेना.
त्यात खाणीवरचे कारकून असणार,
बसचुके, दिवस भरलेल्या बायका,
बर्फातले बांगडे, बँडवाला एखादा ट्रम्पेटसकट.
सगळी माडाच्या आळ्यात टाकली.

मूळ रंग मरून. टाकीखाली नखाएवढा सापडला होता.
म्हापशाहून त्याच रंगाचा डबा आणला.
टाकी रंगवली, फ्रेम, मागचा मडगार्ड.
पुढचा राहिला पिवळाच, पायलटचा,
कारण हात भरून आले,
किंवा रविवार संपला.

पुढच्या रविवारी, फाल्गुनात, बाहेर काढली.
किकचा दांडा, तोच पुढे पाडून गिअर:
काटकसरीच्या घरातलं यंत्र.
मयेच्या रस्त्याला काजूच्या भट्ट्यांचा वास,
मागे माझा निळा धूर,
आणि कानात ती टकटक
जिच्यासाठी मी तीन महिने नखं काळी केली.

तिठ्यावर एका म्हातारीने हात केला.
थांबलो. वाटलं विचारेल, किती सालची?
विचारतात लोक.
तिने तांबड्या भाजीची पिशवी माझ्या पोटाशी ठेवली
आणि मागे बसली.
"नार्व्यां धक्क्यार. बेगीन. फेरी चुकतली."

मी सांगायला हवं होतं.
चढणीला गाडी धापली,
म्हातारी पुढे झुकली
जणू तिच्या वजनानेच चढ संपणार होता.
संपला.

धक्क्यावर तिने पदराची गाठ सोडली.
वीसची नोट, पाचाचं एक नाणं.
"उरिल्लें फाल्यां," म्हणाली,
आणि मागे न बघता फेरीत चढली.

मरून डब्याच्या झाकणावर आता मांजर बसतं.
नाणं टूलबॉक्समध्ये आहे;
डायनॅमोच्या झाकणाच्या खाचेत
ते पेचकसाहून नीट बसतं.
सोमवारी दुकान
जरा उशिरा उघडलं.