दिव्याची उंची

दॉन फाब्रित्सियोंनी पहिल्याच दिवशी बजावलं:
दिवा खांद्याच्या रेषेत धर. वर नाही, खाली नाही.
चित्रकाराने उजेड डावीकडून पाडलाय,
कारण डावीकडे तेव्हा खिडकी होती.
पुढे एका रेशीमवाल्याने भिंतीला भिंत लावून घर उठवलं
आणि संतावर पडणारा स्वर्गाचा उजेड
विटांआड गेला.
तेव्हापासून ती खिडकी मी आहे.
महिन्याला सहा कार्लिनी, आणि मेणबत्त्यांची उरलेली बुडखी.

संध्याकाळची घंटा एकदाच वाजते.
मी दोरी ओढतो, जांभळा पडदा सरकतो,
आणि अंधारातून आधी एक गुडघा बाहेर येतो,
मग बरगड्या,
मग तोंड: उघडं, वर वळलेलं,
जणू नुकतीच कुणीतरी वरून हाक मारली.
दॉन फाब्रित्सियो त्या वेळी एक शब्द बोलत नाहीत.
लॅटिन कानाशीच थांबतं रे, मला म्हणाले होते.
या बायका दिवसभर मासळी विकून येतात,
यांच्याशी वाद घालायचा नसतो.
यांच्या अंगावर काटा आला पाहिजे.
तिकडे उत्तरेत चित्रं फोडतात, जाळतात,
आणि पांढऱ्या भिंतीसमोर बसून पुस्तक वाचतात.
आपण काय करतो ते बघ.

मी बघतो.
मासेवाली कार्मोसिना खालचा ओठ चावते.
जुगारात होडी हरलेला एकजण टोपी चुरगाळत बसतो
आणि तिसऱ्या दिवशी कबुलीच्या जाळीपाशी जातो.
एक स्पॅनिश शिपाई एकदा हुंदके देऊन रडला
आणि नंतर लाजून मलाच दमात घेऊ लागला.
चित्र आपलं काम चोख करतं.

कुणाला ठाऊक नाही, की हा संत आंद्रेया
बंदरावर पिंपं वाहायचा.
नाव अनिएल्लो. माझा बाप.
चित्रकाराला पाठीचा असा कणा हवा होता
जो ओझ्याने कायमचा एका अंगाला गेलाय.
अकरा दिवस त्याला दोन तिरक्या फळ्यांना बांधला,
त्याच्याच दोराने, ज्याने तो पिंपं आवळायचा.
मी कोपऱ्यात गेरू वाटत होतो.
दहाव्या दिवशी त्याच्या हातांना मुंग्या आल्या
आणि त्याने छताकडे बघून
चित्रकाराच्या आईवरून एक सणसणीत शिवी हासडली.
हलू नकोस, चित्रकार ओरडला, तसाच राहा!
तेच हे तोंड.

पाहणीला आलेल्या बिशपना पाय खटकले.
भेगाळलेल्या टाचा, नखांत डांबर,
उजवा अंगठा पिंपाखाली सापडून काळा पडलेला.
लोक या पायांना ओठ लावणार, ते म्हणाले.
चित्रकाराने दोन दुपारी घालवून ते धुतले:
गुलाबी, गुळगुळीत,
कुणाचेच नसलेले पाय.

मग छप्पन्न साली साथ आली.
गाडीवरच्या ढिगात बापाचे पायच तेवढे दिसले,
मग चुना पडला, तेही नाही.

तर, शेवटचा माणूस बाहेर गेला की
मी दिवा खांद्यावरून खाली आणतो,
कमरेपर्यंत, आणखी खाली,
वेदीच्या कापडाला जवळजवळ टेकवून.
तिरप्या उजेडात रंगाची कड उठते
आणि गुलाबी कातड्याखाली
अंगठा दिसतो. काळा, रुंद.
मी वेदीवर ओणवा होऊन ओठ लावतो.
तेलाचा वास. काजळीची चव.
ही भक्ती आहे का, मी दॉन फाब्रित्सियोंना विचारलेलं नाही.

काल कार्मोसिना विसरलेली टोपली न्यायला परत आली.
तिने मला तसं पाहिलं.
ओरडेल वाटलं. तिने टोपली खाली ठेवली,
हात पदराला पुसले, खवले चिकटलेले ते हात,
माझ्या शेजारी वाकली
आणि हळूच म्हणाली, कुठे?

मी दिवा तिच्या हातात दिला.