विषय क्रमांक सहा

अजेंड्यावर सहावा विषय होता:
चित्रकलेचे तास गणिताकडे वर्ग करणे.
पाचवा, मुताऱ्यांची दारं.
सातवा, आयत्या वेळचे.

सावद्याच्या आमच्या शाळेत, दुपारी तीनला,
पंखा फिरत होता आणि वारा नव्हता.
मी समितीत पालक म्हणून.
भंगाळेअण्णांच्या केळीच्या गाड्या वजनकाट्यावर खोळंबलेल्या,
त्यांना घाई होती.
म्हणाले, "सही करू ना, सिस्टर?
पोरं लोटे काढून काय करतील?
लोटा तर दुकानात भेटतो."
सगळे हसले. मीही हसले,
कारण वाक्य चांगलं होतं.

मी त्याच शाळेची. सातवी ब.
आम्हाला रुबाब तडवी सर होते,
सातपुड्याच्या पायथ्याहून सायकलीने येणारे,
कॅरिअरला कागदाची गुंडाळी, सुतळीनं बांधलेली.
अर्धा जून आणि सगळा जुलै
त्यांनी पेन्सिल हातात घेऊ दिली नाही.
शाळेमागच्या केळीच्या बागेत नेऊन उभं केलं:
"हात नंतर. पह्यले पाह्य.
हिरवा किती जागी बदलला, मोज."
मी अकरा मोजले.
प्रमिला अत्तरदे म्हणाली, चौदा.
सर तिच्या उंचीला वाकले
आणि खरंच मोजू लागले.
बाराव्यापाशी थांबून म्हणाले,
"हा मले दिसला नव्हता."

मास्तर असं म्हणू शकतो,
हे मला तेव्हा कळलं.

तर मी उठले आणि माझ्याकडची गोष्ट सांगितली.
उपकेंद्रात सुपडू कोळ्याची सून आली होती,
कडेवर पोर, नुसतं किरकिरतं म्हणून.
खिडकीच्या उजेडात त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्यात
मला एक पिवळा दिसला
जो अजून पिवळा झालेला नव्हता.
रक्त तपासलं. कावीळ निघाली.
पोर वेळेत जळगावला पोचलं.
"हे बघणं," मी म्हटलं, "मला चित्रकलेच्या तासाने दिलं."

झांबरे हेडमास्तरांनी मान डोलावली,
लिहून घेतलं: चित्रकलेमुळे निरीक्षणशक्ती वाढते.
अण्णासुद्धा म्हणाले, "मग राहू द्या एक तास. शनिवारचा."

जिंकले म्हणायचं.
पण घरी येताना काहीतरी चिकटलेलं होतं,
कापडाला लागलेल्या केळीच्या चिकासारखं,
धुतलं की अजून काळं पडणारं.
सरांची वकिली मी केली
आणि साक्षीदार भलताच उभा केला.
कावीळ नसती निघाली तर?
पोर नुसतंच किरकिरं असतं तर?
तो पिवळा मग वाया गेला असता?

खरी गोष्ट बैठकीत सांगण्यासारखी नव्हती.
ऑगस्टात सरांनी टेबलावर एक लोटा ठेवला,
घरचा, पितळी, एका अंगाने चेपलेला.
महिनाभर तोच लोटा.
चेपलेली बाजू माझ्या वाट्याला आली
म्हणून मी रडले होते.
तिसऱ्या आठवड्यात त्या चेपात
मला आमचा वर्ग दिसला:
वाकडी खिडकी, खिडकीत वाकडं आभाळ
आणि खाली तांदळाएवढी डोकी,
सगळी एकाच गोष्टीकडे बघणारी.
त्यातलं माझं कुठलं, कळेना.
मी सगळीच काढली.

त्याचं पुढे काही झालं नाही.
परीक्षेत ब श्रेणी.
प्रमिला लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली.
कागद उंदरांनी नेला, नाहीतर रद्दीवाल्याने.

पण कधी उपकेंद्रात दारापर्यंत रांग लागते,
मी मान वर न करता "पुढचा, पुढचा" करत असते,
आणि इंजेक्शनच्या ट्रेच्या काठावर
अख्खी रांग वाकून उभी दिसते,
तांदळाएवढी,
काठाशी कुठेतरी मीही.
मग मी पुढच्याला नाव विचारते.
तो वैतागतो.
म्हणतो, "कागदावर लिहिलंय की, सिस्टर."